आफ्रिकेसाठी जपानने जाहीर केलेले 30 अब्ज डॉलर: हा आकडा कसा वाचावा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑगस्ट 2022 मध्ये ट्युनिस येथे भरलेल्या टिकॅड परिषदेत, म्हणजे आफ्रिकेच्या विकासावर जपान ठरावीक वर्षांनी भरवतो त्या परिषदेत, जपानने आफ्रिकेच्या विकासासाठी तीन वर्षांत 30 अब्ज डॉलर जाहीर केले, आणि ती मुदत 2025 मध्ये संपली. मग हे पैसे प्रत्यक्षात पोहोचले का, त्यात मदत किती आणि कर्ज किती, कर्जालाच मदत म्हणायचे असेल तर ते योग्य आहे का, आणि शेवटी लाभ आफ्रिकेचा होतो की जपानी कंपन्यांचा? हे प्रश्न रास्त आहेत, परंतु ते ज्या क्रमाने आपण विचारले आहेत त्या क्रमाने उत्तर दिले तर गोंधळ वाढेल, म्हणून मी क्रम थोडा बदलतो.

आधी माझी बाजू सांगणे योग्य ठरेल. पूर्व आफ्रिकेतील बंदरे, वीज आणि सिंचन या क्षेत्रांतील प्रकल्पांच्या वित्तपुरवठ्याचे आणि पुढे त्यांच्या मूल्यमापनाचे काम मी बरीच वर्षे केले आहे, आणि ते बहुतांशी कर्ज घेणाऱ्या सरकारांच्या बाजूने केले आहे. त्यामुळे परिषदेच्या व्यासपीठावरील घोषणेपेक्षा अर्थखात्याच्या कर्जनोंदवहीत काय उमटले, याकडे माझे लक्ष आधी जाते. देणाऱ्या देशाच्या परराष्ट्र खात्यात काम केलेला माणूस याच विषयावर वेगळे बोलेल, आणि त्याचेही काही मुद्दे बरोबर असतील.

मूळ अडचण जपान शब्द पाळतो की नाही ही नाही. शब्द नेमका कशाचा दिला होता, हे आकड्यावरून कळत नाही, ही खरी अडचण आहे. ट्युनिसमधील 30 अब्ज डॉलर हे सरकारी आणि खासगी अशा दोन्ही निधींची बेरीज म्हणून जाहीर झाले होते. त्यात करदात्यांच्या पैशांतून दिलेली अनुदाने येतात, दीर्घ मुदतीची येन कर्जे येतात, आफ्रिकी विकास बँकेबरोबर संयुक्तपणे द्यावयाची कर्जे येतात, आणि जपानी कंपन्या स्वतःच्या नफ्यासाठी करणार असलेली गुंतवणूकही येते. लग्नात मामाने केलेला आहेर, बँकेने दिलेले गृहकर्ज आणि शेजाऱ्याने आपल्या गल्लीत स्वतःसाठी टाकलेले दुकान यांची बेरीज करून 'या घराला इतके मिळाले' असे सांगण्यासारखा हा प्रकार आहे. तिन्ही गोष्टी घराच्या उपयोगाच्या असू शकतात, पण त्यांची बेरीज करून हाती काही लागत नाही. जपान सरकार अशा घोषणांच्या प्रगतीचे अहवाल प्रसिद्ध करते. तरीही कंपन्यांची गुंतवणूक घोषणेमुळे झाली की तशीही झाली असती, हे कोणताही अहवाल सिद्ध करू शकत नाही. म्हणून '30 अब्ज पूर्ण झाले का' या प्रश्नाला एका आकड्यात प्रामाणिक उत्तर देता येत नाही.

हे नेहमीच असे नव्हते. टिकॅडची सुरुवात 1993 मध्ये टोकियोत झाली. शीतयुद्ध संपल्यावर पाश्चात्त्य देशांचा आफ्रिकेतील रस ओसरत होता, आणि त्या दशकात बहुतेक वर्षे जपान जगातील सर्वांत मोठा विकास साहाय्य देणारा देश होता. पहिल्या परिषदांचा भर आफ्रिकेचा विषय जगाच्या पटलावर टिकवून ठेवण्यावर होता. 2008 मध्ये योकोहामा येथे चौथी परिषद झाली आणि तेथे जपानने जे सांगितले ते मोजता येण्यासारखे होते: 2003 ते 2007 या काळात आफ्रिकेला दिलेल्या साहाय्याची वार्षिक सरासरी, कर्जमाफी वगळून, सुमारे 0.9 अब्ज डॉलर होती, ती 2012 पर्यंत दुप्पट म्हणजे 1.8 अब्ज करायची. या वाक्यात आधारवर्ष आहे, मुदत आहे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कर्जमाफी मोजायची नाही हे स्पष्ट आहे. ही शेवटची अट किरकोळ वाटेल, पण 2005 च्या आसपास इराक आणि नायजेरिया यांच्या कर्जमाफीने अनेक श्रीमंत देशांचे मदतीचे आकडे एकाएकी फुगले होते. तेव्हा ही वजावट प्रामाणिकपणाची होती. असे वचन बाहेरचा माणूस आकडेवारी उघडून तपासू शकतो.

2013 मध्ये पाचव्या परिषदेत भाषा बदलली. पाच वर्षांत 3.2 लाख कोटी येन, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने सुमारे 32 अब्ज डॉलर, सरकारी आणि खासगी मिळून. त्यांपैकी विकास साहाय्य सुमारे 1.4 लाख कोटी येन. निदान येथे दोन भाग वेगळे दाखवले होते. 2016 मध्ये नैरोबीत, म्हणजे प्रथमच आफ्रिकेच्या भूमीवर, तीन वर्षांत 30 अब्ज डॉलर जाहीर झाले, त्यांतील 10 अब्ज पायाभूत सुविधांसाठी. 2019 मध्ये योकोहामात तर मुख्य आकडा पूर्णपणे खासगी गुंतवणुकीचाच होता: मागील तीन वर्षांत जपानी कंपन्यांनी 20 अब्ज डॉलर गुंतवले आहेत, पुढील तीन वर्षांत हा आकडा ओलांडला जावा यासाठी सरकार सर्व प्रयत्न करील. यात सरकारने स्वतः काय द्यायचे, हे मुख्य वाक्यात उरलेच नाही.

हा बदल का झाला, याबद्दल माझे मत असे आहे. जपानच्या सर्वसाधारण अर्थसंकल्पातील विकास साहाय्याची तरतूद 1997 मध्ये शिखरावर होती आणि त्यानंतर ती जवळजवळ निम्म्यावर आली. दुसरीकडे चीनने 2000 पासून आफ्रिकेबरोबर दर तीन वर्षांनी परिषद भरवण्यास सुरुवात केली, आणि 2015 मध्ये जोहान्सबर्ग येथे व पुन्हा 2018 मध्ये बीजिंग येथे प्रत्येकी 60 अब्ज डॉलर जाहीर केले. टिकॅडही 2013 नंतर पाच वर्षांऐवजी तीन वर्षांनी भरू लागली. तिजोरीतील रक्कम आटत असताना व्यासपीठावरील रक्कम वाढवायची असेल तर बेरजेत नवी सदरे घालावी लागतात, आणि तेच झाले. यात खोटेपणा नाही. सगळे जाहीरपणे सांगितलेले आहे. मात्र वर्तमानपत्राच्या मथळ्यात 'सरकारी आणि खासगी मिळून' हे शब्द गळतात, आणि वाचकाच्या मनात राहते ती मदत.

आता कालावधीविषयी, कारण माझ्या अनुभवात सर्वाधिक गैरसमज येथे होतो. जपानी कर्जाचा प्रकल्प घोषणेपासून उद्घाटनापर्यंत जाताना बरेच टप्पे ओलांडतो. प्रथम जायका ही जपानची सहकार्य संस्था पूर्वतयारीचे सर्वेक्षण करते. मग घेणारा देश रीतसर मागणी करतो. दोन सरकारांमध्ये पत्रांची देवाणघेवाण होते. त्यानंतर कर्जाचा करारनामा होतो. मग सल्लागाराची नेमणूक, निविदा, प्रत्येक टप्प्यावर जायकाची संमती, आणि शेवटी कंत्राटदाराची बिले सादर होतील तसतसे पैसे सुटतात. केनियातील मोंबासा बंदराच्या नव्या कंटेनर टर्मिनलसाठी सुमारे 26.7 अब्ज येनच्या कर्जाचा करार 2007 मध्ये झाला आणि पहिला टप्पा 2016 मध्ये सुरू झाला. म्वेआ येथील भातशेतीच्या सिंचनासाठीचा करार 2010 चा आहे, आणि त्यातील थिबा धरणाचे उद्घाटन 2022 मध्ये झाले. म्हणजे जपानच्या ज्या पंतप्रधानांच्या काळात करार झाला त्यांच्यानंतर कित्येक पंतप्रधान होऊन गेले, केनियाचे राष्ट्राध्यक्षही बदलले, आणि मगच पाणी कालव्यात आले.

याचा अर्थ असा की तीन वर्षांच्या घोषणेत जे 'पूर्ण झाले' म्हणून मोजले जाते त्यात पुष्कळदा केवळ करारावर झालेली सही असते. आणि त्याच तीन वर्षांत जे पैसे खरोखर खर्च होतात ते आधीच्या, कधी कधी त्याही आधीच्या परिषदेच्या काळातील असतात. आपण वचन आणि वितरण यांची तुलना एकाच कालखंडात केली तर उत्तर नेहमीच चुकीचे येईल, कधी जपानच्या बाजूने तर कधी विरुद्ध. माझा स्वतःचा अनुभव असा की एकदा सही झाल्यावर जपानी पैसा सहसा अडत नाही. गळती होते ती घोषणा आणि सही यांच्या मधल्या अंतरात.

ती गळती का होते, हे समजण्यासाठी 'मागणी आल्याशिवाय प्रकल्प नाही' हे जपानी साहाय्याचे जुने तत्त्व लक्षात घ्यावे लागेल. कागदावर हे तत्त्व आदर्श आहे, कारण कोणता रस्ता बांधायचा हे टोकियोने ठरवू नये. व्यवहारात मात्र मागणी तयार करणे हेच मोठे काम असते. व्यवहार्यता अहवाल, जमीन संपादनाचा आराखडा, विस्थापितांचे पुनर्वसन, पर्यावरणाची परवानगी, स्वतःच्या अर्थसंकल्पातून द्यावयाचा वाटा, हे सगळे जुळवणारे अधिकारी ज्या मंत्रालयात आहेत तेथे कर्जे जातात. केनिया, इजिप्त, मोरोक्को हे देश ती कर्जे घेऊ शकतात. मलावी किंवा नायजर यांसारख्या देशांना मुख्यतः अनुदान आणि प्रशिक्षण मिळते, आणि त्यांच्या रकमा साहजिकच लहान असतात. म्हणून 'आफ्रिकेसाठी 30 अब्ज' असे म्हटले जाते तेव्हा त्यातील मोठा हिस्सा ज्यांना तुलनेने कमी गरज आहे अशा देशांकडे झुकण्याचा धोका असतो. त्यातच झांबिया 2020 मध्ये, घाना 2022 मध्ये आणि इथिओपिया 2023 मध्ये परकीय कर्जाचे हप्ते देऊ शकले नाहीत. कर्जाची फेररचना चालू असलेल्या देशाला नवे येन कर्ज देणे जवळजवळ अशक्य होते, त्यामुळे घोषणेच्या वेळी गृहीत धरलेले काही ग्राहकच मधल्या काळात नाहीसे झाले.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ: कर्जाला मदत म्हणावे का? येथे मला थोडा हिशेब मांडावाच लागेल.

श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेतील विकास साहाय्य समिती कशाला मदत म्हणायचे ते ठरवते. 2018 पूर्वीची पद्धत अशी होती की सवलतीचे कर्ज दिले की त्याची पूर्ण रक्कम मदत म्हणून धरायची आणि मुद्दल परत आले की ते वजा करायचे. 2018 च्या आकडेवारीपासून नवी पद्धत आली: कर्जाच्या सर्व परतफेडीचे आजचे मूल्य काढायचे, ते कर्जाच्या रकमेतून वजा करायचे, आणि जो फरक उरतो तो 'अनुदान-अंश' एवढाच मदत म्हणून मोजायचा. उदाहरणार्थ, 100 रुपयांचे कर्ज, व्याज 1 टक्का, मुदत 40 वर्षे, पहिली 10 वर्षे मुद्दल फेडायचे नाही. सर्वांत गरीब देशांसाठी समितीने ठरवलेला वटणावळीचा दर, म्हणजे पुढे येणाऱ्या पैशांचे आजचे मूल्य काढण्याचा दर, 9 टक्के आहे. त्या दराने या कर्जाचा अनुदान-अंश सुमारे 76 रुपये येतो. म्हणजे 100 रुपये उसने देऊन देणारा देश 76 रुपयांची मदत केल्याची नोंद करू शकतो. पण हाच हिशेब 5 टक्के दराने केला तर अनुदान-अंश 55 रुपयांच्या आसपास येतो. कर्ज तेच, परतफेड तीच, फक्त गृहीत धरलेला दर बदलला आणि मदतीतून 21 रुपये नाहीसे झाले. हा दर देणाऱ्या देशांच्या समितीनेच ठरवला असल्यामुळे त्यावर टीका होत आली आहे, आणि ती मला पटते.

या बदलाचा जपानवर काय परिणाम झाला पाहा. 2018 मध्ये जुन्या पद्धतीने जपानचे निव्वळ विकास साहाय्य सुमारे 10 अब्ज डॉलर होते. नव्या पद्धतीने ते सुमारे 14 अब्ज झाले. कारण इंडोनेशिया, भारत यांसारखे देश दशकांपूर्वीच्या कर्जांचे जे मुद्दल फेडत होते ते जुन्या पद्धतीत वजा होत असे, नव्या पद्धतीत होत नाही. म्हणून कोणी 2018 पूर्वीच्या आणि नंतरच्या आकड्यांची सरळ तुलना करून 'जपानने मदत वाढवली' असे म्हणत असेल तर त्याने कोणत्या पद्धतीचा आकडा घेतला हे आधी विचारावे.

तरीही 'कर्ज म्हणजे मदत नव्हेच' या टोकाला मी जाणार नाही. महाराष्ट्रातील वाचकांना येन कर्ज काय असते हे वेगळे सांगण्याची गरज नाही. मुंबईची मेट्रो-3 आणि शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू जायकाच्या कर्जातून उभे राहिले, आणि मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी 0.1 टक्के व्याज, 50 वर्षे मुदत आणि 15 वर्षे सवलतकाळ अशा अटी ठरल्या. भारताला अशा कर्जाऐवजी देशांतर्गत रोखे काढता आले असते. केनियाला पर्याय काय आहे ते पाहा: फेब्रुवारी 2024 मध्ये केनियाने आंतरराष्ट्रीय बाजारात 1.5 अब्ज डॉलरचे रोखे विकले तेव्हा त्यावर 9.75 टक्के व्याज द्यावे लागले, कारण त्याच वर्षीच्या जूनमध्ये आधीचे 2 अब्ज डॉलरचे रोखे फेडायचे होते. ज्या सरकारला बाजारात हा भाव मिळतो त्याच्यासाठी एक-दीड टक्क्याचे चाळीस वर्षांचे कर्ज ही खरी सवलत आहे. मोंबासा-नैरोबी रेल्वेचे उदाहरण याच बंदराला लागून आहे. 2014 मध्ये चीनच्या एक्झिम बँकेकडून घेतलेल्या कर्जांपैकी साधारण निम्मे 2 टक्के दराचे होते आणि उरलेले लायबोर या लंडनच्या बाजारातील बँकांच्या आपसांतील कर्जदरावर 3.6 टक्के जास्त अशा चढत्या-उतरत्या व्याजाचे. ती रेल्वे 2017 मध्ये धावू लागली, म्हणजे सुमारे तीन वर्षांत. बंदराच्या टर्मिनलला त्याच्या तिप्पट काळ लागला. निवडणुकीला सामोऱ्या जाणाऱ्या मंत्र्याला कोणते कर्ज आकर्षक वाटेल हे सांगायला नको. पण आज केनियाच्या अर्थखात्यात बसणाऱ्याला कोणते हप्ते झोप उडवतात, याचेही उत्तर अवघड नाही.

एक धोका मात्र येन कर्जाच्या कमी व्याजाआड लपलेला असतो, आणि तो चलनाचा. डॉलरचा भाव उतरवण्यासाठी पाच श्रीमंत देशांनी केलेल्या 1985 च्या प्लाझा करारानंतर अडीच वर्षांच्या आत येनच्या तुलनेत डॉलरचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. ज्या आशियाई देशांनी येनमध्ये कर्ज घेतले होते आणि निर्यात डॉलरमध्ये केली होती त्यांचा बोजा व्याज न वाढताही दुप्पट होण्याच्या बेतात आला. अलीकडे उलटे झाले आहे. 2012 च्या सुमारास एका डॉलरला 80 येन मिळत, 2022 मध्ये ते 150 वर गेले. केनियाचा शिलिंग 2024 च्या सुरुवातीला डॉलरला 160 च्या घरात घसरला होता, त्या काळात डॉलरमधील प्रत्येक कर्ज जड झाले, पण येनमधील कर्जांची झळ त्या मानाने कमी बसली, कारण येनही घसरला होता. हे केनियाच्या कौशल्याचे फळ नव्हते, नशिबाचे होते. चाळीस वर्षांत वारे दोन्ही दिशांनी वाहते, आणि कर्ज घेणारा छोटा देश त्यावर विमा उतरवू शकत नाही. ही जोखीम कोणत्याही अनुदान-अंशाच्या सूत्रात मोजली जात नाही.

जपानी कंपन्यांना लाभ होतो का? होतो. 2002 पासून जपानकडे 'स्टेप' नावाचा कर्जप्रकार आहे, ज्यात मुख्य कंत्राटदार जपानी असावा लागतो आणि मालाचा व सेवांचा किमान 30 टक्के भाग जपानी असावा लागतो. त्या बदल्यात व्याज आणखी कमी असते. घेणाऱ्या देशाच्या बाजूने बसून मी असा हिशेब करत असे की व्याजात वाचणारी रक्कम आणि स्पर्धा मर्यादित झाल्यामुळे वाढणारी बांधकामाची किंमत, यांत मोठे काय. याचे सार्वत्रिक उत्तर नाही. खोल समुद्रातील धक्का किंवा भूऔष्णिक वीज यांत जपानी कंपन्या तशाही जगात आघाडीवर आहेत. केनियाच्या रिफ्ट खोऱ्यातील ओल्कारिया येथे जायकाच्या कर्जातून उभ्या राहिलेल्या वीजकेंद्रांसारखी केंद्रे जगात जेथे जेथे आहेत तेथील बहुतेक टर्बाइन तीन जपानी कंपन्यांची असतात, मग निविदा खुली असो वा नसो. साधा रस्ता किंवा शाळेची इमारत असेल तर मात्र अशा अटीचे कर्ज महाग पडते, आणि तेथे मी नेहमी विरोधात मत दिले आहे. जाता जाता एवढेच सांगतो की आपणही याबाबतीत सोवळे नाही: मुंबईत मुख्यालय असलेली आपली एक्झिम बँक आफ्रिकी देशांना जी पतमर्यादा देते तिच्यात सामान्यतः 75 टक्के माल आणि सेवा भारतातून घ्याव्या लागतात.

कंपन्यांच्या लाभापेक्षा मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. जेव्हा साहाय्य आणि गुंतवणूक एकाच योजनेत मिसळतात तेव्हा जमिनीवर राहणाऱ्या माणसाला आपण कोणाशी बोलत आहोत हेच कळेनासे होते. मोझांबिकमधील प्रोसवाना ही योजना 2009 मध्ये जपान, ब्राझील आणि मोझांबिक यांनी मिळून आखली. ब्राझीलच्या सेर्रादो या गवताळ प्रदेशात जपानी साहाय्याने सोयाबीनची शेती उभी राहिली होती, तसेच काही मोझांबिकच्या उत्तरेकडील नाकाला पट्ट्यात करायचे, असा विचार होता. फरक एवढाच की नाकाला पट्टा ओसाड नव्हता. तेथे छोटे शेतकरी पिढ्यान्पिढ्या कसत होते. 2013 मध्ये शेतकरी संघटनांनी तिन्ही देशांच्या प्रमुखांना खुले पत्र लिहून योजना थांबवण्याची मागणी केली, जपानमधील स्वयंसेवी संस्थांनी त्यांना साथ दिली, आणि 2020 मध्ये योजना गुंडाळली गेली. परिषदांच्या बेरजेत अशा योजनेचा खर्च मदत म्हणून आधीच मोजला गेलेला असतो.

याउलट जपानच्या ज्या वचनाबद्दल मला आदर आहे त्यात डॉलरचा आकडाच मुख्य नव्हता. 2008 च्याच परिषदेत 23 देशांबरोबर भातशेतीची एक आघाडी सुरू झाली: सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतील भाताचे उत्पादन दहा वर्षांत 1.4 कोटी टनांवरून 2.8 कोटी टनांवर न्यायचे. 2018 च्या सुमारास ते लक्ष्य जवळजवळ गाठले गेले, आणि मग 2030 पर्यंत पुन्हा दुप्पट करण्याचे ठरले. याचे सगळे श्रेय जपानला देणे चूक ठरेल. लागवडीखालील क्षेत्र वाढले, सरकारांनी धोरणे बदलली, इतर संस्थांचाही पैसा होता. आणि उत्पादन दुप्पट होऊनही आफ्रिकेची तांदळाची आयात थांबली नाही, कारण शहरांतील खाणारी तोंडे आणखी वेगाने वाढली. पण वचन असे होते की ते खोटे ठरले असते तर सगळ्यांना दिसले असते. तसेच टांझानियातील किलिमांजारोच्या पायथ्याशी 1980 च्या दशकात सुरू झालेले भातशेतीचे काम, घानातील अक्रा येथे 1979 मध्ये स्थापन झालेली नोगुची वैद्यकीय संशोधन संस्था, केनियात 1998 पासून झालेले गणित-विज्ञान शिक्षकांचे प्रशिक्षण, यांच्या रकमा मथळ्यात येण्याएवढ्या नव्हत्या. टिकले मात्र तेच जास्त.

म्हणजे आतापर्यंतचा धागा असा: 30 अब्ज ही अनुदान, कर्ज आणि खासगी गुंतवणूक यांची बेरीज आहे, तिची मुदत प्रकल्पांच्या आयुष्याशी जुळत नाही, कर्जात मदत असते, पण किती ते गृहीतकांवर अवलंबून असते, आणि कंपन्यांचा लाभ हा प्रकल्पागणिक वेगळा मुद्दा आहे. ऑगस्ट 2025 मध्ये योकोहामात झालेल्या नवव्या परिषदेत आफ्रिकी विकास बँकेबरोबर 5.5 अब्ज डॉलरपर्यंतची कर्जे आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या क्षेत्रात तीन वर्षांत 30,000 जणांचे प्रशिक्षण अशी वचने आली. साधन आणि भागीदार स्पष्ट असल्यामुळे ती मला अधिक तपासण्याजोगी वाटतात. त्याच वेळी जायकाने चार जपानी शहरांना चार आफ्रिकी देशांची 'होमटाऊन' म्हणून जाहीर केले, त्यावरून परदेशी लोकांना खास व्हिसा मिळणार अशी अफवा पसरली, आणि सप्टेंबरमध्ये तो उपक्रमच मागे घ्यावा लागला. मदत देणाऱ्या देशातील मतदाराचे मन किती पातळ बर्फावर उभे आहे हे त्यावरून दिसते, आणि पुढील वचनांचा आकार ठरवण्यात त्याचा हात मोठा राहील.

आपल्याला स्वतः पडताळणी करायची असेल तर संपूर्ण आफ्रिका घेऊ नका, एक देश घ्या. केनिया सोयीचा आहे, कारण तेथील राष्ट्रीय कोषागार दरवर्षी सार्वजनिक कर्जाचा अहवाल काढतो आणि त्यात देणाऱ्या देशांनुसार बाकी दिलेली असते. जायका प्रत्येक कर्जकराराची तारीख, रक्कम, व्याजदर आणि मुदत प्रसिद्ध करते. ऑगस्ट 2022 ते ऑगस्ट 2025 या काळातील करार एका स्तंभात लिहा आणि त्याच काळात कोषागाराने दाखवलेली प्रत्यक्ष उचल दुसऱ्या स्तंभात. दोन्ही येनमध्येच ठेवा, डॉलरमध्ये बदलू नका, नाहीतर येनच्या घसरणीने सगळी तुलना बिघडेल. अनुदानांसाठी ओईसीडीच्या आकडेवारीत देशनिहाय तक्ता मिळतो, त्यात 'वचनबद्ध' आणि 'वितरित' ही दोन सदरे वेगळी आहेत, ती मिसळू नका. शेवटी, 1 अब्ज येन किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचे पूर्ण झाल्यानंतर काही वर्षांनी बाहेरच्या मूल्यमापकाकडून परीक्षण होते आणि त्याला श्रेणी दिली जाते. ते अहवाल कंटाळवाणे असतात, तरी त्यांतील एक भाग चुकवू नका: प्रकल्प उभा राहिल्यावर त्याची देखभाल करण्यासाठी संबंधित प्राधिकरणाकडे माणसे आणि पैसा आहे का, हे तेथे लिहिलेले असते. मी स्वतः असा अहवाल हाती आला की पहिली पाने सोडून तोच भाग आधी उघडतो.